अठरा रानांचा ओलावा

माती नीट भाजली गेली हे कसं ओळखायचं, हे मला आजही कुणी विचारावं. आधी ती काळी असते, मग राखाडी होते, मग उलथन्यानं सारली की रव्यासारखी सुटी पळते. तेवढ्यावर उतरवायची. जास्त ठेवली तर करपट वास सुटतो आणि शेजारीण खिडकीतून विचारते, "वैनी, काय लागलं?" ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात मी अठरा शेतांची माती माझ्या भाकरीच्या तव्यावर भाजली. त्यानंतर महिनाभर आमच्याकडं भाकरी कचकच लागायची. हे मुकाट्यानं खायचे. बोलायला तोंड नव्हतं, कारण हा सगळा उद्योग त्यांच्याच संस्थेसाठी चालला होता.

हे, म्हणजे आमचे गोपाळकृष्णराव, उपसा सिंचन सहकारी संस्थेचे सचिव होते. गाव अणदूरच्या पलीकडं चार मैलांवर. गावाखाली साठवण तलाव, तलावावर मोटर, मोटरीतून निघालेला एकच पाइप आणि त्या पाइपावर ओळीनं अठरा सभासदांची रानं. पहिलं रान संस्थेचे चेअरमन आबाराव यांचं आणि अठरावं, अगदी टोकाचं, मालनबाईंचं. पाणी नेहमी पहिल्या नंबरापासून सुरू व्हायचं. प्रत्येकानं आपलं मन भरेपर्यंत घ्यायचं आणि मग पुढच्याला सोडायचं. मन ही जागा अशी आहे की ती लवकर भरत नाही. त्यामुळं चार वर्षांत अठराव्या नंबराला पाणी असं कधी पोचलंच नव्हतं.

त्या वर्षी तर पाऊस असा पडला होता की तलावाच्या भिंतीवर शेळ्या चढायच्या त्या पाणी शोधायलाच. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायच्या बेतात, आणि तलावात होतं ते पाणी फार तर दहा-अकरा रानांना एकदा पुरलं असतं. त्या एका पाण्यावर दाणा भरणार होता, नाही मिळालं तर नुसता कडबा. संस्थेच्या सभेत मालनबाई उभ्या राहिल्या. या बौद्ध वस्तीतल्या. नवरा सोलापूरला गिरणीत, दोन एकर काळं रान त्या एकट्या करायच्या. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाइपाचं टोक माज्या रानात उघडतंय. चार वर्सं झाली. त्यातनं आजवर फकस्त एक सरडा भाईर आला."

सभा हसली. मलाही हसू आलं, पण मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे सल्ला. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि नुकतीच मी शेतीच्या एका पुस्तिकेत वाचलं होतं की मातीतला ओलावा मोजता येतो. ओली माती तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. मग ज्याची माती जास्त कोरडी त्याला पाणी आधी. मी हे उभी राहून सांगितलं आणि शेवटी, कुणी विचारलं नसताना, "मी मोजून देते," असंही म्हणाले. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी भर सभेत मोटर गिळली.

आबारावांनी मात्र लगेच ठराव मांडला. ते दिलदार होते म्हणून नव्हे. एक बाई अठरा रानं तोलणार हे घडणारच नाही अशी त्यांची खात्री होती. ठराव एकमतानं मंजूर झाला. मालनबाई जाता जाता माझ्याजवळ थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या की, यंदा पाणी आलं तर पोत्यानं ज्वारी होईल, पोरींना घेऊन सोलापूरला जायची पाळी येणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही असं मी म्हणणार नाही. मी मस्त झोपले. मला वाटत होतं काम सोपं आहे.

पुस्तिकेप्रमाणं दोन वस्तू हव्या होत्या. माती काढायचं गिरमिट आणि माती वाळवायची विजेची पेटी. त्या मागायला मी शाळेची रजा टाकून एस.टी.नं जिल्ह्याच्या एका कचेरीत गेले. पहिल्या टेबलानं सांगितलं की गिरमिट हे सुताराचं हत्यार आहे, ते इथं येत नाही. दुसऱ्या टेबलानं विचारलं, अर्जदार सभासद आहे, सचिव आहे की शिक्षिका आहे. मी म्हटलं, सचिवांची बायको आहे. त्यांनी अर्ज दोनदा उलटून पाहिला. असा रकाना नव्हता. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ फार प्रेमळ निघाले. विजेची पेटी मिळते म्हणाले, पण ती अंडी उबवायची. तुम्ही पन्नास कोंबड्यांचा दाखला आणा, मी आजच्या आज सही करतो. मी म्हटलं, मला माती वाळवायची आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं की, घरून कुणी बरोबर आलंय का.

तेव्हा आम्ही घरच्या घरी भागवलं. पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा लोहाराकडून टोकाला धार लावून घेतला, ते गिरमिट. भाकरीचा तवा ही पेटी. तराजू नळदुर्गच्या सोनाराचा. त्यानं तो एका अटीवर दिला. यावर माती तोलली हे त्याच्या गिऱ्हाइकांना कधीही कळता कामा नये.

आता सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आकाशातून पडत नव्हता तेवढा तो आमच्या ओट्यावर पडला. एका निवृत्त तलाठ्यांनी सांगितलं की माती तोलायची नसते, चाखायची असते. लोहार म्हणाला, पाइपाला मूठ बसवा, तीही मीच बसवतो. आणि आमच्या शेजारच्या केशरबाई, ज्यांचं स्वतःचं रान पाइपावर नवव्या नंबराला होतं, त्यांनी बजावलं की शनिवारी सवाष्णीनं माती भाजू नये. शनिवारच का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण मी तो पाळला.

पुस्तिकेत आणखी एक वाक्य होतं: नमुना दर वेळी त्याच जागेवरून घ्यावा. म्हणून मी प्रत्येक सभासदाला खुणेसाठी एक बांबूची काडी दिली आणि काडीला लाल फडकं बांधलं. फडकी ह्यांच्या दप्तराची. कचेरीची कागदपत्रं बांधायचं तांबडं कापड फाडून मी अठरा निशाणं केली आणि संस्थेचं दप्तर पुढं वर्षभर सुतळीनं बांधलेलं राहिलं. प्रत्येकाला सांगितलं, काडी रानाच्या मधोमध रोवा, हलवू नका, आणि सोमवारी काडीच्या बुडाशी वीतभर खोल उकरून डबाभर माती आणून द्या.

काळ्या रानाच्या मधोमध लाल फडकं उभं राहिलं की आमच्या भागात पुढं काय होतं, हे माझ्याशिवाय कुणालाही सांगता आलं असतं.

मधल्या दिवसांत येळवस आली. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची लहानशी कोपी करतात, तिच्यात चुना फासलेले पाच दगड, ते पांडव, त्यांची पूजा होते. भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी असते आणि मडक्यात लसूण घातलेली ताकाची आंबील. ती आंबील आधी काळ्या आईला, मग माणसांना. आमचं घर नोकरदारांचं, शेत नाही, त्यामुळं आम्ही केशरबाईंच्या रानात पाहुणे. मी कोपीला हात जोडले. कडब्याच्या शेंड्यातून एक लाल टोक वर आलं होतं, ते मला फार शोभिवंत वाटलं. मग मी तीन तांबे गार आंबील प्याले आणि दुसऱ्या दिवशी माझं नाक जे चोंदलं ते आठ दिवस सुटलं नाही.

सोमवारी अठरा डबे आले. डालड्याचे, बिस्किटाचे, एक तर तपकिरीचा, त्यात माती कमी आणि शिंका जास्त होत्या. मी दोन दिवस भाजत आणि तोलत बसले. दहा तोळे ओली माती घ्यायची आणि भाजून पुन्हा काट्यावर ठेवायची. हे शेजारी बसून आकडे लिहीत होते आणि त्यांच्या भुवया वर वर चालल्या होत्या. दुष्काळात एकेक रान दहा तोळ्यांत तीन-साडेतीन तोळे पाणी दाखवत होतं. एवढं पाणी तर तलावाच्या गाळातही नव्हतं. फक्त अठराव्या डब्यात एक तोळ्याच्या आसपास पाणी निघालं. मालनबाईंचं रान सगळ्यांत कोरडं.

मला भरून आलं. विज्ञानानं न्याय केला, असं मी ह्यांना म्हणाले. नाक चोंदल्यामुळं ते वाक्य हवं तसं उमटलं नाही. ह्यांनी यादी फळ्यावर लावली. एक नंबर मालनबाई, अठरा नंबर आबाराव.

दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर सतरा जण जमले. आबाराव पुढं बसले होते. ते चिडले नव्हते, दुखावले होते, आणि तेच जास्त वाईट. त्यांचं म्हणणं असं की माझ्या रानातली ढेकळं कपाळावर मारली तर कपाळ फुटेल, आणि वहिनी म्हणतात त्यात पाणी आहे. तर मग वहिनींनी त्यातलं तांब्याभर काढून मला प्यायला द्यावं. त्यावर मी पुस्तिका वाचून दाखवली. पुस्तिका कुणाला पटली नाही. तेवढ्यात केशरबाई आत येऊन तव्याशी वाकल्या. तव्यावर नवव्या डब्यातली उरलेली माती होती. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"वैनी, ही माजी आंबील हाय."

त्यांनी एकामागून एक सगळे डबे हुंगले. मला वास येत नव्हता, त्यामुळं मी नुसती बघत होते. यात लसूण जास्त पडला, ही आबारावांच्या घरची. यातलं ताक शिळं. यात भज्जीचा एक वाटाणाच आहे. आणि मग सगळं उघड झालं. काळ्या रानात लाल निशाण दिसल्यावर सतरा घरांनी कोपीसाठी दुसरी जागा शोधलीच नव्हती. माझ्या काडीभोवती कोपी, काडीशी पांडव आणि काडीच्या बुडाशी मडकंभर आंबील. मी स्वतः जिला हात जोडले होते ती माझीच काडी होती. मी सतरा घरांची आंबील भाजून, सोन्याच्या काट्यावर तोलून तिची यादी लावली होती.

मालनबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्यात ती पूजा न्हाय, बाई. छप्पन सालापसनं सोडली. भज्जी तेवढी खातो. तुमी म्हणला काडी हलवू नका, म्या जवळबी गेले न्हाय."

ओट्यावर हसण्याचा असा गदारोळ झाला की केशरबाईंना उंबऱ्यावर बसावं लागलं. हसण्यात आबारावही होते, पण ते आधी थांबले. ते म्हणाले, मग आता जुनीच यादी चालू करू. आणि मी मालनबाईंकडं पाहिलं. त्या हसत नव्हत्या. सकाळी पहिला लागलेला नंबर दुपारी अठरावा झाला होता, आणि यात त्यांची चूक एवढीच की त्यांनी एकट्यांनी माझं ऐकलं होतं.

आता सर्वांसमक्ष माफी मागून माती-प्रकरण मिटवणं शहाणपणाचं होतं. पण प्रयोग चुकला तर वहीत तसं लिहा आणि पुन्हा करा, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसला होता, आणि तेव्हा तर तो सर्दीनंही बसला होता. मी आठ दिवस मागितले. माती मीच काढणार. हातभर खोल, प्रत्येक रानात तीन ठिकाणी, निशाण नाही, काडी नाही. आबारावांनी मान हलवली. ते म्हणाले, वहिनी, तुमची हौस होऊ द्या.

मग मी नऊवारीचा ओचा बांधला आणि पाइपाचा तुकडा खांद्यावर टाकून निघाले. बरोबर संस्थेचा पंपवाला धुळाप्पा, हातोडा घेऊन. पहिलंच रान आबारावांचं. काळी जमीन वाळली की भेगाळते, आणि आबारावांच्या रानातल्या भेगा अशा होत्या की एकीत माझी चप्पल गेली. ती काढायला धुळाप्पानं पाइप घातला, तर पाइपही गेला. आम्ही दोघं पालथे पडून भेगेत हात घालून बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून आबाराव आले. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, चहा पाठवू का. माझ्या प्रतिष्ठेला त्या एका चहानं जेवढं लागलं तेवढं त्या फळ्यावरच्या यादीनंही लागलं नव्हतं.

पाइप निघाला. चप्पल नाही. पुढची सतरा रानं मी धुळाप्पाच्या चपलांवर केली.

सगळ्यांत शेवटी मालनबाईंचं रान. वरून ते पार कोरडं, भुगा. मी पाइप ठोकला आणि ओढून काढला, तर आतून जी माती निघाली ती पेढ्यासारखी. हाताला चिकटली, मुठीत वळली. मी चकित. मालनबाई म्हणाल्या, त्यात काय, पाणी येणार नाही हे ठाऊकच होतं, म्हणून पेरल्यापासून पाच वेळा कोळपलं, ओळींमधली माती वरवर उकरून भुगा केली. एक भेग पडू दिली नाही. वरचा भुगा झाकणासारखा बसतो आणि आतली ओल आत राहते. आबाराव एकदाही कोळपत नसत. त्यांना पाणी मिळणारच असायचं.

घरी येऊन मी भाजलं, तोललं. आता नाकही उघडलं होतं आणि मातीला फक्त मातीचा वास येत होता. आकडे चोख निघाले. सगळ्यांत कोरडं रान आबारावांचं. सगळ्यांत ओलं मालनबाईंचं. ठरावाप्रमाणं पहिला नंबर आबाराव, अठरावा मालनबाई. सगळा खटाटोप करून मी पोचले होते ती जुन्या यादीवरच, आणि आता तिच्यावर विज्ञानाचा शिक्का होता.

मी स्वतः जाऊन मालनबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थांबल्या.

"म्हंजी कोळपलं म्हणून पाणी न्हाय?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिलं.

पाणी सुटलं. सकाळी आठला धुळाप्पानं मोटर सुरू केली आणि आबारावांच्या रानात धार पडली. दुपारी मी शाळेतून बघायला गेले तर रान तसंच. पाणी पाटातून जायचं, पहिल्या भेगेशी पोचायचं आणि गुडगुड करत खाली जायचं, जसं कुणी खाली बसून पीत आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. एक वाफा भरला की शेजारचा रिकामा. तिसऱ्या दिवशी धुळाप्पा कपाळावर हात मारत आला आणि म्हणाला की तलाव हातभर उतरला, पाणी कुठं जातंय ते त्या खंडोबालाच ठाऊक, आणि आबारावांचं अर्धं रानसुद्धा भिजलेलं नाही.

सगळे सभासद बांधावर जमले. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आपली ज्वारी होती आणि समोर आबारावांच्या भेगा सगळ्यांचं पाणी पीत होत्या. जो तो माझ्याकडं बघत होता. कारण यादी माझी होती, आणि यावेळी ती खरी होती, हा तर माझा सगळ्यांत मोठा गुन्हा. कुणी म्हणालं, मोटर बंद करा. आबाराव म्हणाले, अर्धं रान टाकू कसं. हे म्हणाले, ठराव आहे. मी यादीचा कागद हातात धरून उभी होते आणि त्याच्याकडं बघायचं टाळत होते.

मालनबाई गर्दीतून पुढं आल्या. त्या कागदाकडं बघून म्हणाल्या, "बाई, ह्यो कागद खालनं वाचा की."

मला आधी कळलं नाही. मग एकदम कळलं. भरत आलेल्या हंड्याला तांब्याभर पाणी पुरतं. ज्याच्या रानात ओल शिल्लक आहे त्याचं रान थोडक्यात भागेल आणि पाणी पुढं सरकेल. ज्याचं तोंड उघडं आहे त्याच्यात ओतत बसलं तर सगळे कोरडे. मी तिथंच बांधावर बसून गणित केलं. खालून वाचलं तर, तलावात उरलेल्या पाण्यात, सुरुवातीला धरलेल्या अकराऐवजी चौदा रानं भिजणार होती. केशरबाईंचं नववं रान त्या चौदांत येत होतं. त्यांनी आधी आपल्या रानाचा हिशेब डोळ्यांनी केला आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, मालनबाईंचं बरोबर हाय. एकेक करत तेरा जणांना मालनबाईंचं बरोबर वाटू लागलं. आबारावांनी पायानं एक ढेकूळ भेगेत लोटलं, तेही पाण्याबरोबर खाली गेलं. मग त्यांनी धुळाप्पाला स्वतःच सांगितलं, माझं बंद कर. टोकाचं उघड.

चार वर्षांनी पाइपाच्या त्या टोकातून पाणी आलं. आम्ही सगळे तिथवर चालत गेलो होतो. पाणी आलं, पाटात शिरलं आणि मालनबाई खोरं घेऊन उभ्याच राहिल्या. पाणी रानात घ्यायचं तर एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. ते हातात बसायला वर्षं लागतात. कोळपणं मालनबाईंना येत होतं, पेरणं येत होतं, मळणी येत होती. पण ज्या रानात कधी पाणीच आलं नाही त्या रानात दारं धरायला त्या शिकणार कधी? त्यांनी एक तोंड फोडलं ते फारच फोडलं. पाणी वाफा सोडून बांधाकडं निघालं. त्यांनी घाईनं दुसरीकडं माती टाकली, तर पाणी उलटं फिरून त्यांच्याच पायांत आलं.

आबाराव हे बघत होते. आख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखं दारं धरणारा माणूस नव्हता, आणि वाया जाणारं पाणी बघणं त्यांच्याच्यानं कधी झालं नाही, मग ते कुणाच्याही रानात असो. थोडा वेळ ते नुसते तोंडानं चुकचुकले. मग त्यांनी वहाणा बांधावर काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरले.

"द्या हिकडं ते खोरं. पाणी असं देत्यात व्हय?"

मालनबाईंनी खोरं दिलं आणि बांधावर येऊन माझ्या शेजारी बसल्या. आबाराव एकेक वाफा भरत पुढं सरकत होते, कमरेएवढ्या ज्वारीतून वाकून, चेअरमनच्या टोपीसकट. पाणी गुपचूप त्यांच्या मागोमाग जात होतं. अर्धं रान भिजल्यावर मालनबाईंनी पदर सावरला आणि जरा आवाज चढवून हाक दिली. आयुष्यात पहिल्यांदाच असावी.

"आबाराव, बांधाकडचा वाफा ऱ्हायला बगा."

आणि आबाराव मागं फिरले.